बारकीची रिकामी चोच

फार पूर्वी एका उंबरावर शिंपी पक्षी राहायचे. कोळ्याकडून धागा मागून आणायचा, चोचीनं पानं शिवायची आणि आत घरटं करायचं, हे त्यांचं काम. शिवण शिकायला पिल्लांनी आधी आईचं जुनं घरटं उसवून पुन्हा शिवायचं, अशी रीत होती.

एकदा कोळीच म्हणाला, "इतकी वर्षं धागा देता देता तुमचे टाके बघतोय. आता मीच शिवतो की." सकाळच्या सकाळी त्यानं दहा घरटी शिवली. शिंपिणींना टाके ओढून तपासायचं तेवढं काम उरलं.

एका शिंपिणीची लेक बारकी नुकती उडायला लागली होती. ती जुनं घरटं उसवायला बसली, तर शेजारीण हसली. "अगं बाई, कशाला चोच झिजवतेस? नुसतं तपासायला शीक."

मग जुनं घरटं तसंच सोडून आई तिला कोळ्यानं शिवलेल्या नव्या घरट्याशी घेऊन गेली. "यातला कच्चा टाका दाखव बघू."

बारकीनं पुन्हा पुन्हा पाहिलं. "सगळे सारखेच दिसतात गं आई. तुला कसं कळतं?"

"माझा एक टाका सुटला होता. तुझ्या थोरल्या भावाचं अंडं खाली पडून फुटलं. तेव्हापासून कळतं."

"मग मला कधी कळणार?"

आई पुन्हा घरट्याकडे वळली. तिनं कच्चा टाका दाखवला. तिथंच बसलेल्या कोळ्यानं तो लगेच पक्का केला आणि म्हणाला, "हाही लक्षात राहील हं, मावशी."

आई पुढच्या पानाकडे गेली. तिच्यामागं बारकी गेली, रिकाम्या चोचीनं.