आठवण आली की पाणी

एकदा काय झालं, ठाण्यात पोफळे म्हणून एक गृहस्थ राहायचे, नुकतेच रिटायर झालेले, आणि गणपती उठले तशी त्यांची बायको मुलीच्या, गार्गीच्या, बाळंतपणाला अमेरिकेत गेली. जाताना शैलजानं मेतकुटापासून भाजणीपर्यंत सगळे डबे भरून ठेवले, गॅसवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवला आणि खिडकीतली ऑर्किडं नवऱ्याच्या हवाली केली. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड होती, हे पोफळ्यांना फार उशिरा कळलं.

कारण ऑर्किड म्हटलं की आपल्याला काय दिसतं, तर लग्नाच्या स्टेजवरची ती जांभळी फुलं. घरात ठेवून बघा म्हणजे कळतं, एकेकाची तऱ्हा काय असते ते. वांडाला कुंडीच नको. ते ग्रिलला टांगायचं, त्याची मुळं दाढीसारखी हवेत लोंबतात आणि रोज सकाळी अंगावर फवारा मागतात. डेंड्रोबियमची उसासारखी कांडं. थंडीत ते पानं गाळून गप्प होतं, तेव्हा त्याच्या वाटेला जायचं नाही. आणि फॅलेनॉप्सिस, ज्याच्या दांडीवर पांढऱ्या फुलपाखरांची रांग बसल्यासारखी फुलं येतात, ते पारदर्शक कुंडीत, नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांमध्ये. त्याची मुळं बाहेरून दिसतात. हिरवी असली तर पोट भरलेलं आहे, चंदेरी झाली की पाणी द्यायचं. शैलजानं हे सगळं विमानतळावर, ट्रॉली ढकलता ढकलता समजावून सांगितलं होतं. पोफळ्यांना त्या वेळी एवढंच कळत होतं, की ही चालली.

त्यांच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर आठल्ये बाई राहायच्या. ऐंशी पार, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या, आणि शैलजाला ऑर्किडांचं वेड लावलं ते त्यांनीच. मग पोफळे दर रविवारी बाईंकडे शिकायला जायला लागले. हातात एखादी कुंडी, चेहऱ्यावर परीक्षेला निघाल्याचा भाव. लिफ्टमध्ये लोक मजा घ्यायचे, "काय पोफळे, ट्यूशनला का?"

थंडी सुरू झाल्यावर कधीतरी ते घाबरेघुबरे होऊन खाली आले. "बाई, डेंड्रोबियम गेलं. एक पान राहिलं नाही हो त्याला."

बाईंनी कांडं बोटानं दाबून बघितली. "गेलं नाही, झोपलंय. तुम्ही दुपारी आडवे झालात की तुमच्या अंगावर कुणी तांब्या ओततं का?"

"नाही."

"मग याच्यावर का ओतताय?"

असं चाललं होतं. वांडा तगलं, डेंड्रोबियमची झोप नीट झाली, आणि सगळ्यावर कडी म्हणजे फेब्रुवारीत पांढरं फॅलेनॉप्सिस फुललं. लांब, वाकलेली दांडी आणि तिच्यावर एकेक करून उघडत जाणारी फुलं. पोफळ्यांना आकाश ठेंगणं झालं. रोज संध्याकाळी शैलजाचा व्हिडिओ कॉल यायचा, तेव्हा तिकडे सकाळ असायची. फोन वाजला की पोफळे आधी फुलासमोर जाऊन उभे राहायचे. शैलजा तिकडून बाळाला कॅमेऱ्यासमोर धरायची, हे इकडून फूल धरायचे, आणि अर्धा तास दोघांचं छान चालायचं.

"अहो, काय सुंदर फुलवलंत," ती म्हणायची. "माझ्या हाताला कधी एवढी आली नव्हती. जेवलात का?"

"हो तर. भरपूर."

जेवण म्हणजे मेतकूट भात. सकाळी मेतकूट भात, रात्री गरम केलेला मेतकूट भात. पण हे काही कॅमेऱ्यात येत नव्हतं. आणि झाडाची खालची पानं सुरकुतून मऊ पडली होती, तीही येत नव्हती, कारण पोफळे फोन बरोब्बर वर धरायचे. पानं सुरकुतली म्हणजे तहान लागली असेल, असं समजून ते अजून पाणी घालायचे.

मार्चमध्ये शैलजाचं परतीचं तिकीट होतं. पोफळे मनातल्या मनात त्या तारखेला लोंबकळूनच जगत होते म्हणा ना. आणि एका शनिवारी ती म्हणाली, "अहो, तुमचं तर किती मस्त चाललंय. मग मी मुक्काम वाढवून घेऊ का? बाळाचं उष्टावण करून येते. गार्गीलाही बरं पडेल. उद्या नक्की सांगा, म्हणजे तिकीट बदलायला."

पोफळे म्हणाले, "उद्या कशाला, रहा की." मग लगेच म्हणाले, "बरं, सांगतो उद्या." आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात गेले, तांब्या भरला आणि पांढऱ्या झाडाला पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. कुंडी घेऊन ते बाईंकडे गेले. झाड एकदम भरात होतं; संध्याकाळी हेच फूल दाखवायचं आणि हसत हसत "रहा खुशाल" म्हणायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. बाईंनी आधी फुलं बघितली, मग पानं बघितली, मग कुंडी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. मग उठल्या, कात्री आणली, तिची पाती गॅसच्या ज्योतीवर धरली, निववली आणि फुलांची ती आख्खी दांडी बुडापासून कापून टाकली.

पोफळ्यांना आधी काय झालं तेच कळेना. मग म्हणाले, "बाई, अहो, हे काय केलंत? आज संध्याकाळी तिला दाखवायचं होतं ते."

"म्हणूनच आत्ता कापलं."

"सगळी फुलली होती हो."

"बसा," बाई म्हणाल्या. "हात पुढे करा." आणि त्यांनी कुंडी पालथी करून झाड पोफळ्यांच्या ओंजळीत काढलं. सोडणाचे तुकडे गळून पडले आणि खाली निघाली ती काळपट, लिबलिबीत मुळं, कुजकट वास येणारी. हात लावला की साल सुटून यायची आणि आत नुसता दोरा राहायचा.



"पाणी कधी घालता?" बाईंनी विचारलं.

"मुळं चंदेरी झाली की."

"पोफळे, मी एवढी वर्षं पोरं शिकवली आहेत. खरं सांगा."

पोफळे ओंजळीतल्या झाडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिची आठवण आली की."

"आणि किती वेळा येते?"

पोफळ्यांनी झाड अलगद बाईंपुढे धरलं. एकेक कुजकं मूळ कापत, कापल्या जागी बुरशी धरू नये म्हणून दालचिनीची पूड दाबत त्या शांतपणे बोलायला लागल्या.

"हे झाड खुशीत फुललेलं नव्हतं. मुळं संपत आली की काही झाडं उरलंसुरलं सगळं बळ फुलात घालतात. बघणाऱ्याला वाटतं, काय बहरलंय. तो फुलाकडेच बघतो, खाली कुणी बघत नाही. दांडी ठेवली असती तर अजून महिनाभर डोळ्याचं पारणं फिटलं असतं आणि मग झाड गेलं असतं. परवा शैलजाचा मला फोन होता. म्हणाली, बाई, यांचं माझ्यावाचून काही अडत नाही, घर फुलवलंय नुसतं. बोलताना हसत होती, पण ते हसू काही मला बरं वाटलं नाही. पोफळे, तुम्ही तिला फक्त फूल दाखवलंत. मग मुळं तिनं कशी बघायची?"

झाडाला तीनचार मुळं उरली होती. बाईंनी ते कोरड्या सोडणात नीट बसवलं. दांडी पाण्याच्या ग्लासात घालून आपल्या टेबलावर ठेवली.

"फूल मी ठेवते," त्या म्हणाल्या. "तुम्ही झाड न्या."

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा पोफळे सवयीनं खिडकीपाशी गेले आणि तिथे दाखवायला काही नव्हतं. दोन सुरकुतलेली पानं आणि एक बोडका खुंट. तिकडून शैलजानं बाळाला वर धरलं होतं. तिनं बाळ जरासं बाजूला घेतलं.

"अहो, फूल कुठाय?"

"बाईंनी कापलं. मुळं कुजली होती, शैला. मी फार पाणी घातलं."

"एवढं का घातलंत? सांगितलं होतं ना मी."

पोफळ्यांनी तोंड उघडलं. "रहा खुशाल" हे दोन शब्द अगदी ओठांवर होते, पाठ झालेले. त्याऐवजी ते म्हणाले, "तुझी आठवण आली की घालायचो. मला करमत नाही. जेवत पण नाही नीट. तुला राहायचं असलं तर तू रहा, बाळाचं उष्टावण आहे, मी अडवणार नाही. पण माझं मस्त चाललंय म्हणून राहू नकोस. माझं मस्त चाललेलं नाही."

मग बाळ कुणाकडे तरी दिलं गेलं, आणि पडद्यावर पहिल्यांदाच नुसती शैलजा दिसली. केस पिंजारलेले, डोळ्यांखाली काळं, आणि ती जरा वाळलेलीच वाटली. इतके महिने आपण हिचा चेहरा धड पाहिलेलाच नाही, हे पोफळ्यांच्या तेव्हा लक्षात आलं. रोज ते बाळच बघत होते.

"मला वाटलं, तुम्हाला सवय झाली," ती म्हणाली. "तुम्ही 'नको राहू' म्हणाल म्हणून काल मी मुद्दाम विचारलं. तुम्ही पटकन 'रहा की' म्हणालात. रात्रभर झोप नाही मला."

मागून गार्गीचा आवाज आला, "बाबा, तिला घेऊन जा हो. रोज माझ्या मनीप्लँटपाशी ती तुमची आणि ऑर्किडांची आठवण काढत बसते."

शैलजा डोळे पुसता पुसता हसली. तिकीट आहे तसंच ठेवायचं ठरलं. उष्टावण व्हिडिओवर बघायचं ठरलं. मार्च यायला अजून वेळ होता आणि तो वेळ काही कमी होणार नव्हता. पण ती म्हणाली, "आता फोन जरा खाली करा. कुंडी दाखवा मला, आतली."

पोफळ्यांनी फोन खाली केला आणि कुंडीला टेकवून धरला. ती बराच वेळ बघत राहिली.

"आहे," ती म्हणाली. "एक हिरवं आहे. आठवडाभर पाणी घालू नका."

"आणि आठवण आली तर?"

"तर मला फोन करा."