सूर्याखालचं घर

पापडाचं पाकीट कोण कधी निरखून बघतं? पण गोदाक्कांच्या बचत गटात त्या पाकिटावरच्या चित्रावरून रण पेटलं. उगवता सूर्य काढला होता गटातल्या इंदू केंगारने, आणि तिची फाइल छपाईसाठी नेलेले जाहिरात एजन्सीवाले धनेश्वर साहेब पेन ड्राइव्ह नाचवत म्हणत होते, "चित्र आमचं. आमचं सॉफ्टवेअर महागडं, विकतचं. हिच्या फुकटातल्या सॉफ्टवेअरात अशी सफाई येते होय?"

"इंदू, तू बोल की गं," गोदाक्का म्हणाल्या.

इंदूने एवढंच विचारलं, "साहेब, तुमच्या चित्रात सूर्याच्या खाली काय आहे?"

"खाली? खाली काय असणार, काही नाही!"

इंदूने त्यांचाच पेन ड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावला. फुकटातल्या सॉफ्टवेअरात फाइल निमूट उघडली. तिने माउसने सूर्य अलगद बाजूला सरकवला. खाली एक वेडंवाकडं घर निघालं. छपरापेक्षा दार उंच, आणि दारात काड्यांची दोन माणसं, एक मोठं, एक छोटं.

"माझ्या चिऊनं काढलंय, मांडीवर बसून. त्याच महिन्यात तापानं गेली."

गोदाक्कांनी पदर डोळ्यांना लावला. साहेब मात्र उसनं अवसान आणून म्हणाले, "मग पुसून टाकायचं! कामाच्या फाइलीत असलं कोण ठेवतं?"

"माझ्याच्यानं पुसवलं असतं, साहेब, तर वर सूर्य कशाला ठेवला असता?"

आणि इंदूने सूर्य पुन्हा त्या घरावर ओढून घेतला, झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं तसा.