तुळसाची घटका

घड्याळ कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट बरं का.

आमच्या बंधाऱ्यावर झिपरू पाटकरी बसायचा. पुढ्यात पाण्याचं घंगाळ, त्यात बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. वाटी भरून बुडाली की घटका संपली. झिपरू हाक द्यायचा आणि पाटाचं पाणी पुढच्याच्या शेतात वळायचं. आदल्या साली पाळीवरून दोघांची डोकी फुटली होती. तेव्हा त्यानं देवळात शपथ घेतली, दुसरा माणूस बसल्याशिवाय वाटीपासून उठणार नाही. भोळाच तो.

एका दुपारी त्याची बायको वेणू धापा टाकत आली. "अहो, तुळसानं डोळे फिरवलेत! उचला पोरीला, नदीपलीकडं वैद्याकडं न्या." एवढं बोलून ती लेकीपाशी परत पळाली.

पाळीला थांबलेल्यांना झिपरू म्हणाला, "घटकाभर बसा रे कुणीतरी. पोर जाईल माझी!"

"बसतो की दादा," भिला म्हणाला, "तेवढं माझं पाणी होऊ दे."

भिलाचं झालं आणि तो बांध बघायला निघून गेला. तिथून पुढं उखाची पाळी. तोही म्हणाला, "एवढं माझं होऊ दे." अरे मेल्यांनो, नुसतं बसायचं तर होतं! उखाची वाटी अर्धी भरली, तोच घराकडून वेणूचा हंबरडा ऐकू आला.

ती वाटी मग बुडेचना, असं म्हणतात. पाणी आत येतंय, तरी वाटी वरच. पाटाची फळी चौघांना हलेना. आठ दिवस उखाच्या शेतात पाणी उभं राहिलं. त्याचा गहू कुजला, बाकीच्यांचा वाळला. सगळं गाव पाया पडलं, "झिपरूदादा, संपव रे ही घटका."

"घाई कसली?" झिपरू म्हणाला. "आता मला वेळच वेळ आहे. घ्या, हवा तेवढा घ्या."

नवव्या दिवशी तो आपण होऊन उठला आणि नदीत चालत गेला. त्याच क्षणी वाटी बुडाली. झिपरू परत कुणाला दिसला नाही, असं म्हणतात.

अजूनही पाट सुटतो त्या दिवशी पहिली घटका कुणाच्याच शेताला देत नाहीत. पाणी नदीत सोडतात आणि घरटी एक माणूस वाटीभोवती गप्प बसून राहतो. परवा एक पाहुणा हळहळला, "एवढं पाणी वाया घालवता?"

शेजारची म्हातारी म्हणाली, "घालवतो. तेव्हा एकालाही घालवता आलं नाही."