घारीने विचारलेला प्रश्न

एका राज्यात घाव भरत नसत. काट्याने ओरखडा उठला तर तो जन्मभर ओला राही. म्हणून तिथे सुऱ्यांना कुणी धार लावीत नसे, पुरुषांच्या दाढ्या बेंबीपर्यंत पोहोचल्या होत्या, आणि भाजी हातानेच मोडून शिजवीत.

सतरा वर्षांमागे राजा अरिंजयाने शिकारीच्या नादात धूम्रकेश मांत्रिकाच्या सारस पक्ष्याला बाण मारला आणि मागे वळूनही न पाहता घोडा पुढे काढला. मांत्रिकाने शाप दिला, "यापुढे या राज्यात एकही घाव भरणार नाही." राजाने तीनदा नजराणे धाडले. आधी सोन्याचा लेप, मग मोत्यांचे भस्म, शेवटी सात हंडे जवाहीर. तिन्ही जसेच्या तसे परत आले.

त्या राज्यात वेशीबाहेर येसू राहत होती. एकटा जीव. निरगुडीच्या फोका हाताने मोडून टोपल्या विणायची, परसात पाच कोंबड्या पाळायची. त्यांतल्या कवडी नावाच्या कोंबडीवर एके दुपारी घारीने झडप घातली. येसू ओरडत धावली तशी घारीने कवडीला टाकली, पण पंखाच्या मुळापासून पाठ उसवून गेली होती.

रक्त दिसताच बाकीच्या कोंबड्याच तिला टोचू लागल्या. येसूने तिला उचलून परसात वेगळ्या डालग्याखाली ठेवली. कडुनिंबाच्या कोमट पाण्याने जखम धुतली, तेलात कालवलेली हळद दाबली, कण्यांची पेज बोटाने चोचीत सोडली. शेजारीण म्हणाली, घाव भरायचा नाहीच, तर रोज सकाळी उघडून पाहायचा कशाला? येसूने सांगितले की तिला नुसते पाहावेसे वाटते.

पाचव्या दिवशी घावाची कड तांदळाच्या दाण्याएवढी मिटलेली दिसली.

येसूने डोळे चोळले आणि पुन्हा पाहिले. सतरा वर्षांत कुणी असे पाहिले नव्हते. गुण कशाचा? तिने कडुनिंबाचे पाणी थांबवले, तरी कड मिटली. हळद थांबवली, तरी मिटली. मग डालगे परसातून ओसरीवर आणले, आणि त्या दिवशी घाव होता तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी येसूने पाणी, हळद पुन्हा सुरू केली, डालगे परसात नेले आणि स्वतः कुंपणाआड बसली.

दुपार कलली तशी घार आली. शेवग्यावरून खाली उतरली, डालग्यापाशी थांबली आणि म्हणाली, "कशी आहेस?"

कवडी अंग चोरून बसली. काही बोलली नाही. घार थोडा वेळ थांबली.

येसू काठी घेऊन पुढे झाली, पण तिचा हात वर उठेना. तिने घारीला विचारले, "रोज येतेस?"

"रोज येते. काल ती इथे नव्हती."

"का येतेस?"

"घाव मी केला, बाई. तिची किंकाळी माझ्या कानातून जात नाही."

दुसऱ्या दिवशी येसू कवडीला काखेत घेऊन राजवाड्यात गेली. तिने घारीची हकीकत सांगितली तेव्हा प्रधान हसला. राजाने मात्र कवडीची पिसे बाजूला केली आणि मिटत चाललेल्या कडेवर बोट ठेवले. मग त्याने विचारले, "आम्ही काय करावे?"

"तीन गोष्टी, महाराज. पायी जावे. रिकाम्या हाताने जावे. आणि तो सारस कसा आहे, ते स्वतः त्यालाच विचारावे."

राजा निघाला. फोका आणायला मांत्रिकाच्या डोंगराकडे जाणारी येसू वाट दाखवायला बरोबर होती. डोंगर दिसू लागला तसे राजाचे पाऊल मंदावले. "आणि त्याने उत्तर दिले नाही तर?"

"कवडीनेही दिले नव्हते, महाराज. घार दुसऱ्या दिवशी पुन्हा आली."

माथ्यावर गवतात सारस पडला होता. सतरा वर्षांचा घाव कालच्यासारखा ओला. मांत्रिक पाट्यावर पाला वाटीत होता, त्याने मान वर केली नाही. राजा गुडघ्यांवर बसला. "बाण माझा होता. कसा आहेस?"

सारसाने मान फिरवली.

राजा तिथेच राहिला. पहिल्या दिवशी त्याने घाव धुतला. दुसऱ्या दिवशी तळहातावर दाणे धरले, सारसाने ते खाल्ले नाहीत. तिसऱ्या दिवशी राजाने पुन्हा तेच विचारले, तेव्हा सारस म्हणाला, "दुखते."

येसू जवळच बसली होती. तिने घावाची कड हलताना पाहिली.

मांत्रिकाचा हात थांबला. "राजा, शाप दिला तेव्हा मला वाटले होते, तू दिवस मावळायच्या आत येशील."

राजाने फडके पाण्यात बुडवले, पिळले आणि पुन्हा घाव पुसू लागला.

एकविसाव्या दिवशी सारस उडाला. खाली राज्यात घरोघरी घाव सुकू लागले. खपली म्हणजे काय, ती का धरते आणि ती नखाने का काढू नये, हे म्हाताऱ्यांनी पोरांना बसवून समजावून सांगितले. पोरांनी ती काढलीच, आणि खाली नवी गुलाबी कातडी पाहून एकमेकांना दाखवत हिंडली.

त्यांचे घाव भरले, तसे सांगणाऱ्याचे भरोत आणि ऐकणाऱ्यांचेही भरोत.