कल्हई कोणी उतरवली

एकदा एक कल्हईचे काम शिकणारी बाई घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होती की माझ्या कथलात खोट नाही, आणि एकाही माणसाने ते खरे मानले नाही. बाई भट्टीशी बसली की लोकांना आधी तिचे बसणे खुपते, काम मागाहून दिसते.

झाले होते असे. गावच्या व्यापाऱ्याकडे लग्न. शिऱ्याचे मोठे तांब्याचे पातेले तिने आतून कथलाची कल्हई लावून लख्ख करून दिले. लग्नाच्या सकाळीच ती कल्हई वितळली, रव्यात तिचे मणी झाले आणि वऱ्हाड गोडाविना जेवून उठले. व्यापारी पातेले घेऊन थेट तिच्या गुरूकडे, म्हाताऱ्या कल्हईवाल्याच्या भट्टीवर आला. सोबत आचारी आणि व्यापाऱ्याची बहीण. हिने कथलात शिसे मिसळले, असे बहीण सगळ्या आळीला ऐकवत होती. व्यापाऱ्याने बजावले, हिला आजच्या आज उठवा, नाहीतर गावातले एक भांडे तुमच्याकडे येणार नाही.

बाई उठली नाही. भाता धरून बसून राहिली.

तिच्याच पिशवीतला कथलाचा तुकडा आणि एक तांब्याचा तुकडा गुरूंनी लोखंडी पळीत टाकला, वर पाणी ओतले आणि पळी निखाऱ्यावर धरली.

"कथलाचं कालवण करताय का, बाबा?" बहिणीने टोमणा मारला.

पाणी खळखळा उकळले. कथील जसेच्या तसे. पाणी आटून पळी कोरडी झाली, निखारे तेच, आणि बघता बघता कथील ढासळून पळीभर पसरले. तांबे मात्र जागचे हलले नाही.

मग गुरू बोलले, "प्रत्येक वस्तूचे कण एकमेकांना धरून असतात, पण धरण्याचा जोर ज्याचा त्याचा. पाण्याच्या कणांची पकड सैल. थोड्या आचेने ते सुटतात आणि त्यांची वाफ होते. कथलाची पकड त्याहून घट्ट, तांब्याची तर फारच. विस्तव सगळ्यांना एकच, सुटण्याची वेळ निराळी. पाणी उकळतंय तोवर जादा आच वाफेबरोबर निघून जाते, कथील वितळण्याइतकं भांडं तापतच नाही. कोरडं भांडं चुलीवर ठेवा, माझ्या हातची कल्हईसुद्धा उतरेल. त्यात खोट कसली? तो कथलाचा धर्म."

व्यापारी वरमला. झाले गेले विसरून जाऊ, म्हणाला.

"नाव माझं गेलंय, शेठ. विसरायचं कोणी?" बाई भाता सोडून उठली आणि आचाऱ्यासमोर उभी राहिली. "रवा लोखंडी कढईत भाजतात हे तुम्हाला शिकवायला नको, दादा. मग कोरडा रवा माझ्या पातेल्यात कसा आला?"

आचारी हळूहळू सांगू लागला की कढई त्याने आणली होती, पण ती काळी कढई व्याह्यांच्या नजरेस पडायला नको म्हणून मागच्या दारी ठेवायला लावली, आणि रवा या चकचकीत पातेल्यातच भाजायला सांगितला.

"सांगितला कोणी?"

आचाऱ्याने मान खाली घातली. "शेठजींच्या या बहिणीनं. भामाबाईंनी."