अंबाक्काच्या उंबऱ्यावर बसलेली दुरपा

चिंधगिर महाराज तेव्हा पाडळीत होते. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठच्या उंबराखाली त्यांचं बसणं असे. अंगावर ठिगळांची कफनी, हाती नारळाची कटोरी, बाकी संसार शून्य! दर गुरुवारी दुपारी महाराज कासारआळीत येत आणि सगुणा कासारणीच्या ओट्यावर बसून एक भाकरी खात. ती भाकरी त्यांना भरवी सगुणेची लेक, दुरपा. आज कथा सांगायची ती या दुरपेची. पण खरं सांगू का भक्तांनो, कथा आहे अंबाक्काची. कारण जळत होती ती अंबाक्का!

सगुणेला आणि तिच्या नवऱ्याला मूलबाळ नव्हतं. सात वर्षांपूर्वी जत्रेत, त्यांच्या बांगड्यांच्या पालामागे, फडक्यात गुंडाळलेली ही पोर सापडली. जत्रा पांगली, पालं उठली, पण पोरीला न्यायला कुणी आलं नाही. नवराबायकोनं तिला पदरात घेतलं. पोर दोन वर्षांची झाली तरी मान धरीना, पाचव्या वर्षी उभी राहिली. बोलणं नाही, तोंडातून लाळ गळे आणि मुठी सदा आवळलेल्या. सगुणा दिवसातून दहा वेळा तिचं तोंड पुशी आणि दहाही वेळा तिचा मुका घेई.

अंबाक्का ही सगुणेची थोरली जाऊ, भिंतीला भिंत लागून घर. तिला तीन धडधाकट मुलगे. बांगड्या भरण्यात तर तिचा हातखंडा! केवढाही आडमुठा हात असो, अंबाक्काच्या हातून बांगडी वाढली, म्हणजे पिचली, असं पंचक्रोशीत कधी झालं नाही. त्याचा तोराही होता. दुरपेला बघितलं की ती चारचौघींत म्हणे, "देवानं दिलं नाही म्हणून दुसऱ्याचं टाकलेलं उचललं, आणि तेही अर्धवट! हौस बाई एकेकीची!"

सगुणा पोरीला कडेवर घेऊन आत जाई. बोलून काय उपयोग?

अंबाक्काचं दुखणं वेगळंच होतं. महाराज तिच्या ओट्याला कधी शिवत नसत. बारा वर्षं ती दर गुरुवारी चांदीच्या ताटात केशर घातलेलं पुरण वाढून उंबराखाली पाठवी. महाराज ताटाला हात जोडत आणि म्हणत, "ठेवा, पोरंसोरं खातील." आणि इकडे सगुणेच्या ओट्यावर! अंबाक्का दाराच्या फटीतून बघे. दुरपा मुठीत चुरगळलेला, लाळेनं भिजलेला घास पुढे करी आणि महाराज डोळे मिटून खात. एका गुरुवारी तर चुलीवरचं दूध उतू जाऊन चूल विझली, तरी ही आपली फटीला डोळा लावून उभी!

शेवटी राहवेना. तशीच तणतणत उंबराखाली गेली.

"महाराज, बारा वर्षं झाली. माझ्या हाताला काय विष लागलंय? तिच्यापेक्षा मी कशात उणी? तिला जे दिलंत ते मला द्या!"

महाराज म्हणाले, "सगळं?"

"सगळं!"

"दिलं, माय. येत्या गुरुवारी तुझ्या दारी जेवायला येतो."

अंबाक्का घरी आली ती हवेतच. सोमवारी सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्यावर दुरपा! स्वतःचं अंगण कधी एकटीनं न ओलांडलेली पोर येऊन बसली होती. सगुणा धावत आली, उचलायला गेली, तर पोर हलेना. सगुणेचा नवरा आला, अंबाक्काचे तिन्ही मुलगे आले. चौघांनी जोर लावला. काटकुळी पोर, पण जात्याच्या तळीसारखी जागच्या जागी! अंबाक्कानं नुसता हात लावला आणि ती अलगद उचलली गेली.

 सगुणा महाराजांकडे धावली. "महाराज, माझी पोर मला परत मिळेल ना?"

महाराजांचेही डोळे भरले होते. "माय, मागणारीनं मागितलं, मी देऊन बसलो. तिनं आपणहून तुझ्या ओटीत घातली तर तुझी. तोवर तिनं बोलावल्याशिवाय तिच्या दारी जाऊ नकोस."

इकडे अंबाक्का खुशीत. मनात म्हणाली, 'ही पोर म्हणजेच महाराजांना बोलावण्याची युक्ती होय!' तिनं दूधभात कालवला. दुरपेनं तोंड उघडलं नाही. अंबाक्कानं चुचकारलं, दटावलं, नाक दाबलं, गाल दाबून दात उघडायला बघितलं. पोर भेदरली. मुठी आणखी घट्ट, दातखीळ आणखी घट्ट. सोमवार गेला, मंगळवार गेला. ओल्या फडक्यानं ओठांवर सोडलेलं पाणी तेवढं पोटात. बुधवारी पोरीची मान कलली.

थोरला मुलगा म्हणाला, "आई, काकूला विचार की."

"मी? आणि तिच्या दारात?"

पण संध्याकाळी ती सवयीनं फटीशी गेलीच. शेजारी सगुणा आपल्या ओट्यावर बसलेली. पुढ्यात झाकलेली भाकरी, सोमवारची, तशीच. लेक उपाशी म्हणून आईही उपाशी! अंबाक्का पुन्हा जळाली. हेवाच तो, पण या वेळी पुरणाचा नव्हता. तिच्या मनात आलं, 'मी तिघांना जन्म दिला, पण असं कधी कुणासाठी बसले का गं मी?'

गुरुवारी दिवस उजाडताच ती सगुणेच्या दारात उभी राहिली. "सगुणे, तुझी लेक खात नाही गं. मरेल ती."

सगुणेनं टोमणा मारला नाही. एवढंच म्हणाली, "आक्का, तिच्या तोंडाकडं बघू नका. आधी हात घ्या हातात. बांगडी भरताना घेता ना, तस्सा."

 तीस वर्षं हजारो हात अंबाक्कानं मऊ केले होते. एका हातावर कधी जबरदस्ती केली नाही. आणि या एवढ्याशा जिवाचे दात ती उचकटत बसली होती!

घरी येऊन तिनं पोरीला मांडीवर घेतलं. बोटाला तेल लावलं. अंगठ्याच्या मुळापासून चोळत, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं काहीबाही बोलत राहिली. दुपार होत आली तसं एकेक बोट सुटत गेलं. मूठ उघडली आणि पाठोपाठ तोंडही. पहिला घास गेला. दुसरा अर्धा अंबाक्काच्या लुगड्यावर सांडला. तिसरा गेला.

"माय, भाकरी वाढ."

दारातून हाक आली. अंबाक्कानं मान वळवली नाही. "थांबा हो जरा! पोर जेवतेय, दिसत नाही का?"

"थांबलोय की," बाहेरून आवाज आला. "बारा वर्षं थांबलोय."

अंबाक्कानं चमकून बघितलं. दारात महाराज! ना रांगोळी, ना पाट, पुरण तर शिजलंही नव्हतं. हात खरकटे, लुगड्यावर भात सांडलेला. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. महाराज मात्र ओट्यावर ऐसपैस बसले. ताटातला भात मुठीत घेऊन दुरपा उठली, धडपडत गेली आणि मुठीतला घास तिनं त्यांच्या तोंडाशी नेला. महाराजांनी डोळे मिटून खाल्ला.

"गोड आहे," महाराज म्हणाले. "आणखी काही मागायचं राहिलंय का, माय?"

अंबाक्काला हुंदका आवरेना. "मला तिचं सुख तेवढं दिसलं, महाराज. तिचे कष्ट दिसलेच नाहीत. काही नको मला. जिची आहे तिला देते."

तिनं दुरपेला उचललं, शेजारच्या ओट्यावर नेलं आणि सगुणेच्या ओटीत घातलं. पोर आता फुलासारखी हलकी! तिनं आईच्या गळ्याला मिठी मारली, आणि तीन दिवसांची उपाशी सगुणा हसत हसत रडू लागली. मग जे आळीनं कधी बघितलं नव्हतं ते घडलं. थोरली जाऊ धाकटीच्या पायांवर वाकली.

"अहो आक्का, हे काय! तुम्ही थोरल्या!"

"वयानं गं, सगुणे," अंबाक्का म्हणाली आणि तिनं डोकं उचललं नाही.

दुरपा पुढंही बोलली नाही आणि तिची लाळही थांबली नाही. तो चमत्कार कुणी मागितलाही नाही. त्या दिवशी अंबाक्कानं तिच्या दोन्ही मनगटांत हिरव्या बांगड्या भरल्या. पोर धडपडायची, पडायची, भिंतीवर हात आपटायची. पण ती असेतो त्यातली एकही बांगडी वाढली नाही.