वाजलेली गोधडी

फार फार जुन्या काळी दोन डोंगरांच्या मध्ये एक खोल दरी होती, आणि दरीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन वाड्या होत्या. त्यांतल्या अलीकडच्या वाडीत, एका दुपारी, एक गोधडी वाजली.

मुलांनो, आणि मुलांना मांडीवर घेऊन ऐकणाऱ्या मोठ्यांनो, गोधडी कधी वाजते का? भांडं वाजतं, दार वाजतं, थंडीने दात वाजतात. गोधडी जुन्या लुगड्यांची असते. ती खाली टाकली तरी धप् करते आणि गप्प पडून राहते. पण त्या दुपारी बायका नव्या गोधडीची घडी घालत होत्या, तेव्हा गोधडीचा मधला भाग ओट्याच्या दगडाला टेकला आणि आवाज आला, टिक्.

एवढासाच आवाज. चिमणीने दाणा टिपला तर होतो, तेवढा. ओट्यावर बसलेल्या बायकांपैकी तो फक्त गिरजेला ऐकू आला, आणि ती दचकली.

गिरजा ही वाडीतली सगळ्यांत नवी सून. मांजर आडवं गेलं तरी ती दचकायची, कुणी मागून हाक मारली तरी दचकायची. एकदा तर स्वतःच्याच शिंकेला दचकली होती. म्हणून बायकांनी तिचं नावच पाडलं होतं, दचकी.

त्या वाडीत एक रीत होती. गोधडी शिवायची ती सगळ्यांनी एकत्र बसून, कडेकडेने धावदोरा घालत मध्याकडे यायचं. मधली चौकोनी जागा शेवटपर्यंत उघडी ठेवायची आणि तिच्यावरचा तुकडा सगळ्यांत थोरल्या बाईने शिवायचा. शिवता शिवता कुणाची सुई दिसेनाशी झाली, तर तिने मोठ्याने ओरडायचं, "सुई!" ते ऐकताच बाकीच्यांनी म्हणायचं, "हात वर!" आणि खरोखरच हात वर करायचे. मग कुणी हलायचं नाही, गोधडी ओढायची नाही, सुई सापडेपर्यंत तळहाताने हळूहळू चाचपत राहायचं. कारण गोधडीत राहिलेली सुई दिसत नाही. ती वाट बघते.

गिरजेचं "सुई!" म्हणून पूर्वी तीनदा ओरडून झालं होतं. पहिल्या वेळी सुई तिच्याच अंबाड्यात खोचलेली निघाली. दुसऱ्या वेळी पदराला टोचलेली. तिसऱ्या वेळी तर कुणाचीच सुई हरवली नव्हती, हिला नुसतं तसं वाटलं होतं. बायकांचे हात वर राहून राहून भरून आले, चुलीवरचं दूध उतू गेलं, आणि सगळ्यांत थोरल्या आत्याबाई चिडल्या.

"दचके," त्या म्हणाल्या होत्या, "आता पुन्हा सुई म्हणालीस तर या ओट्यावर बसायचं नाही. ओरडायचं असेल तर आधी सुई हातात धरून दाखव, मग ओरड."

"हातात असली तर ओरडेल कशाला, आत्याबाई?" शेवंता म्हणाली होती.

शेवंता आत्याबाईंची सून, आणि गिरजेची या वाडीतली एकुलती एक मैत्रीण. गिरजेला बारीक टाका तिनेच शिकवला. गिरजा "सुई" म्हणाली की पहिला "हात वर" तिचा असायचा. खरं की खोटं ते ती विचारायची नाही. पण आता शेवंता दरीपलीकडच्या वाडीत, आपल्या माहेरी, बाळंत झाली होती. ही गोधडी तिच्याच बाळाची होती. उद्या बारसं होतं आणि सासरच्या बायका सकाळीच निघणार होत्या. या गोधडीवर बाळाला निजवायचं होतं.

"काहीतरी वाजलं," गिरजा एवढंच पुटपुटली.

"तुझ्या बांगड्या," आत्याबाई म्हणाल्या.

"नाही, म्हणजे, टिक् असं..."

"बांगड्या नसतील तर गुडघे असतील हिचे," एक जण म्हणाली, आणि ओटा खदाखदा हसला. गिरजेनेही हसून घेतलं. घशाशी आलेला शब्द तिने आवंढ्याबरोबर गिळून टाकला.

गोधडीची घडी झाली. वर लाल किनार, मध्ये आत्याबाईंच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा चौकोन. जाता जाता आत्याबाईंनी सुया टोचून ठेवायची कापडी उशी गिरजेच्या हातात दिली. "मी नाही तोवर नीट सांभाळ. आणि उशीला घाबरू नकोस हो, ती चावत नाही."

दुसऱ्या दिवशी वाडी ओस पडली. धडधाकट बायका, पुरुष, मुलं, सगळे बारशाला गेले. मागे राहिली गिरजा आणि पाय मोडून अंथरुणाला खिळलेली तिची सासू.

गिरजेचं लक्ष कशात लागेना. ती टिक् तिच्या कानात बसली होती. भाकरी थापताना टिक्, पाणी भरताना टिक्. शेवटी तिने मनाशी म्हटलं, बघून टाकावं, सगळ्या सुया जागेवर असल्या की आपलं आपल्यालाच हसू येईल. तिने ती उशी उजेडात घेतली.

प्रत्येकीच्या सुईची जागा ठरलेली होती. कडेकडेच्या सुया होत्या. मधोमध आत्याबाईंची जागा, तिथेही सुई होती. गिरजेने सुस्कारा सोडला. मग तिला दिसलं की आपल्या सुईची जागा रिकामी आहे.

तिने मधली सुई उपसली. ती आखूड होती. आत्याबाईंची सुई लांब, जुनी, वापरून काळी पडलेली. ही तर गिरजेचीच सुई होती! आणि तिच्या नेढ्यात हिरवा दोरा होता, मधला चौकोन ज्या दोऱ्याने शिवला तोच.

कालची दुपार तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. आत्याबाईंचा दोरा संपला होता. त्यांनी आपली सुई उघड्या जागेत, कापडावर, खाली ठेवली. त्यांना द्यायला हिरवा दोरा आपल्याच सुईत ओवून गिरजेने ती तिथेच शेजारी ठेवली होती. आत्याबाईंचा हात चाचपडत आला आणि हाताला लागली ती सुई उचलून त्यांनी चौकोन शिवला. चाचपडत! अलीकडे त्या दोरा ओवायलाही शेवंताला सांगायच्या, म्हणायच्या, ओट्यावर उजेड कमी पडतो. उजेड कमी नव्हता. आत्याबाईंना दिसत नव्हतं, आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कदाचित स्वतःलाही नाही.

मग ती लांब सुई कुठे होती? हिरव्या चौकोनाखाली. उभी की आडवी, कोण जाणे.

"सासूबाई," ती धापा टाकत आत गेली, "आत्याबाई आपली सुई बरोबर नेतात का हो?"

"छे गं. त्यांच्या आईची सुई ती. वाडीची वेस ओलांडू देत नाहीत तिला. का?"

गिरजेने सगळं सांगितलं. सांगताना तिलाच ते खोटं वाटायला लागलं. "पण सासूबाई, पुन्हा तसंच झालं तर? सुई दुसरीकडेच कुठेतरी निघाली तर? भरल्या बारशात मी ओरडायचं, तेही आत्याबाईंचं नाव घेऊन? ओट्यावर पाऊल ठेवू देणार नाहीत मला. जन्मभर हसतील."

सासूबाई पडल्या पडल्या छताकडे बघत होत्या. "हसतीलच. मीसुद्धा हसेन, माझा काय भरवसा? पण पोरी, हसणं टोचत नाही गं. सुई टोचते."

"तुम्हाला एकटं टाकून कशी जाऊ?"

"मी कुठे पळून जाते? पायच मोडलाय माझा. जा!"

पलीकडच्या वाडीला जायचं तर दरी उतरून पुन्हा चढावी लागे, आणि ऊन तर कलायला लागलं होतं. पाळण्याची वेळ हीच. तेवढा वेळ नव्हता. पण वाडीच्या टोकाला एक कडा होता. त्यावर उभं राहून हाक मारली की वारा पडलेला असताना पलीकडे पोचायची. गिरजा त्या कड्यावर कधीच गेली नव्हती. तिथून खाली बघितलं की पाय आपोआप पुढे जातात, असं तिने ऐकलं होतं.

ती धावत सुटली. पायाखाली वाळकी पानं चुरचुरली की तिला वाटे मागून कुणीतरी येतंय. एक टिटवी अगदी कानाजवळून किंचाळत उडाली आणि गिरजा मटकन खाली बसली. उठवेना. परत फिरावं असं तिच्या मनात आलं. आपण कुठे पाहिलीय सुई? आपल्याला तर रोजच काहीतरी वाटतं.

मग तिला शेवंता आठवली. ती नसती का उठली?

कड्याच्या टोकाला एक खुरटं झाड होतं. त्याच्या बुंध्याला दोन्ही हातांनी मिठी मारून गिरजेने समोर पाहिलं. पलीकडचं अंगण तळहाताएवढं दिसत होतं. फुलांनी सजवलेला पाळणा. रंगीबेरंगी लुगडी. आणि पाळण्यात नीट अंथरलेली, लाल किनारीची गोधडी. मधला हिरवा ठिपका इतक्या लांबूनही उठून दिसत होता.

"सुईऽऽऽ!"

पाळण्याच्या गाण्याचे सूर दरीवरून इकडे येत होते. तिची हाक त्यांच्यात बुडून गेली. आणि मग दरीच्या पोटातून कुणीतरी उत्तर दिलं, "...ईऽऽऽ!"

गिरजेने झाडाची मिठी आणखी घट्ट केली. तो तिचाच आवाज होता. दरी तिला वेडावत होती.

तिकडे बाळाला पाळण्याच्या वरून आणि खालून फिरवायला सुरुवात झाली होती. एक बाई बाळ देत होती, दुसरी घेत होती. हे झालं की निजवायचंच.

"सुईऽऽऽ! सुईऽऽऽ!"

आता मात्र अंगणातल्या एक-दोघींनी माना वळवल्या. कुणीतरी कपाळावर हात धरून कड्याकडे पाहिलं. गिरजेने एक हात सोडून पदर हलवला. त्या बाईने शेजारणीला काहीतरी सांगितलं, दोघींच्या माना हसल्यासारख्या हलल्या, आणि पहिलीने नुसता हात झटकला. गिरजेला काही ऐकू आलं नाही, पण त्या काय म्हणाल्या हे तिला कळलं. दचकीच ती! इथवर आवाज पोचला बघा हिचा.

त्या पुन्हा गाण्याकडे वळल्या.

बाळ हातोहात फिरत शेवटी एका पांढऱ्या केसांच्या बाईकडे आलं. आत्याबाईच त्या. नातवाला निजवायचा मान त्यांचाच होता. त्या पाळण्यावर वाकल्या.

गिरजेला रडू फुटलं. घसा चिरला होता. अजून एक हाक तिच्यापाशी उरली होती, पण ती मारायची तिची छाती होत नव्हती. त्या हाकेत सगळ्या वाडीपुढे एका थोरल्या बाईची चूक होती. आणि ती खोटी निघाली असती, तर या मुलखात गिरजेला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

तिने डोळे घट्ट मिटले आणि ती हाक मारली.

"आत्याबाईऽऽऽ! तुमची सुईऽऽऽ! हिरव्याखालीऽऽऽ!"

दरीने तिचे शब्द तिला परत दिले, एकेक करून, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. मग काहीच नाही. गाणंसुद्धा नाही. गिरजेला डोळे उघडायचा धीर होईना. इतकी शांतता तिने जन्मात ऐकली नव्हती.

आणि त्या शांततेत पलीकडून एक जाड, खर्जातला, म्हातारा आवाज आला.

"हात वऽऽऽर! गिरजेऽऽऽ, हात वऽऽऽर!"

तिने डोळे उघडले. अंगणातल्या सगळ्या बायकांचे हात वर होते. पाळण्यात नुसती गोधडी होती. आणि सगळ्यांच्या हातांहून उंच, आत्याबाईंच्या दोन्ही हातांत, ते बाळ होतं.

तात्पर्य: घाबरणाऱ्याची हाक दहादा फुकट गेली तरी अकराव्यांदा हात वर करावेत, कारण हसून जी हाक आपण बंद करतो, तीच एखाद्या दिवशी आपल्या बाळाला वाचवायला निघालेली असते.